लक्ष्या कधी हसवणार? एका फसलेल्या खेळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर आमचं चित्रपट मंडळ चालतं. गावाचं आणि माणसांची नावं इथे गाळली आहेत. सभासद साठेक, वर्गणी चहापाण्यापुरती, महिन्याच्या चौथ्या शनिवारी एक सिनेमा. मी चिटणीस. म्हणजे परवानगीची पत्रं, खुर्च्यांचा हिशोब आणि लोकांच्या शिव्या, तिन्ही माझ्याकडे.

अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. सगळं गाव त्यांना सर म्हणतं. एका बैठकीत त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं, "सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ किती मराठी सिनेमांना मिळालंय? सांगा." 'श्यामची आई' आणि 'श्वास' सगळ्यांनी एका सुरात सांगितले. 'देऊळ' दोघांना आठवला, 'कोर्ट' एकालाच. पाचवा कुणालाच सांगता येईना. तो २०१६ चा 'कासव', सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. "बघा," सर म्हणाले, "देशातला पहिला नंबर, आणि चित्रपट मंडळाला पत्ता नाही." त्याच रात्री मागे पडलेल्या मराठी सिनेमांची एक माळ लावायची ठरली. दर महिन्याला एक, असे सहा.

यादी करताना दोन तास गेले, कारण मागे पडलेला म्हणजे नेमका कुठला यावर एकमत होईना. सरांच्या मते ज्याला पुरस्कार मिळाला पण लोकांनी पाहिला नाही तो. त्यांनी 'अस्तु'चं नाव घेतलं. स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची ती गोष्ट. अमृता सुभाष यांना त्यातल्या भूमिकेसाठी २०१३ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि थिएटरात तो लागला २०१६ साली. वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंचं म्हणणं निराळं होतं. "ज्याची गाणी सगळ्यांना पाठ आणि सिनेमा कुणालाच आठवत नाही, तो खरा मागे पडलेला." मालिकांचंही काहीतरी करा, असा त्यांचा हट्ट होता. प्रतिमा कुलकर्णींची 'प्रपंच' आणि मुक्ता बर्वेची 'रुद्रम', ही दोन नावं त्यांनी कागदावर लिहून आणली होती. आमचा प्रोजेक्टर सांभाळणारा पोरगा, वय तेवीस, तिसरंच म्हणाला: नट इतका मोठा झाला की त्याच्या आड सिनेमाच दिसेनासा झाला, असेही सिनेमे असतात.

तिघांच्याही व्याख्येत बसणारा एकच सिनेमा निघाला. 'एक होता विदूषक', १९९२. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन पु. ल. देशपांडे यांचं, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडक यांचं, आणि आबुरावच्या भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशाच्या फडात वाढलेला आबुराव सोंगाड्या होतो, तिथून सिनेमात जातो, मोठा नट होतो, आणि मग राजकारण त्याला उचलून आपल्या मांडवात नेऊन बसवतं. मधू कांबीकर, निळू फुले, दिलीप प्रभावळकर, मोहन आगाशे, वर्षा उसगांवकर, अशी सगळी जड मंडळी. मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. धंदा मात्र झाला नाही. 'धूमधडाका' आणि 'अशी ही बनवाबनवी'ला रांगा लावणारं पब्लिक लक्ष्याला असा बघायला तयार नव्हतं, आणि पुढच्याच वर्षी 'झपाटलेला'ला तेच पब्लिक पुन्हा हजर झालं.

हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. पुढे जे झालं ते वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

पहिला निर्णय: पोस्टर

सिनेमा फोनवर दिसतो म्हणून तो हॉलमध्ये चार लोकांना दाखवायची मुभा मिळते, असा बऱ्याच मंडळांचा समज असतो. तसं नसतं. ज्याच्याकडे हक्क, त्याची लेखी परवानगी लागते. ती आणण्यात काही आठवडे गेले आणि सगळ्यांचं लक्ष त्या पत्राकडे लागून राहिलं. पत्र हाती आलं तेव्हा खेळाला नऊ दिवस उरले होते, आणि पोस्टर पाच मिनिटांत ठरलं.

मीच ठरवलं. हिरव्या कागदावर लक्ष्याचा हसरा चेहरा, वर मोठ्या अक्षरात "पु. लं.ची लेखणी, लक्ष्याची अदाकारी", खाली "सहकुटुंब या". पोस्टरं एसटी स्टँडवर लावली, दोन शाळांत लावली, आठवडी बाजाराच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीवर लावली. ताईंनी एकदा हटकलं होतं. "अहो, पु. ल. म्हटलं की हसायचं, लक्ष्या म्हटलं की हसायचं. तुम्ही हसायचं आमंत्रण दोनदा दिलंय." मी म्हणालो, एकदा माणसं आत येऊ देत, मग सिनेमा बघून घेईल.

अडचण

माणसं आली. एकशे तीसच्या आसपास. मंडळाच्या इतिहासात इतकी कधी आली नव्हती. खालच्या वाचनकक्षातले बाक वर न्यावे लागले. साडेसहाची वेळ होती. पण सरांनी एका प्रमुख पाहुण्यांना बोलावलं होतं, त्यांचा सत्कार आणि त्यांचं पंचवीस मिनिटांचं भाषण, असं करत पडदा उजळला तो सात वाजून पाच मिनिटांनी. सिनेमा पावणेतीन तासांचा.

पहिल्या तासात काही वाईट झालं नाही. फड, ढोलकी, मधू कांबीकर, लोक बघत होते. मग मागच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. मी दाराशी उभा होतो, तिथून पाठी दिसतात, आणि कंटाळलेली पाठ लगेच ओळखू येते. पुढच्या सतरंजीवर सात-आठ वर्षांचा एक मुलगा गुडघ्यांवर उभा राहिला, मागे वळला आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आई, लक्ष्या कधी हसवणार?"

सगळा हॉल खो खो हसला. त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा तोच. आणि पडद्यावर काय चाललेलं? लोक ज्याला फक्त हसवायला ठेवतात, त्या माणसाची गोष्ट. मला तेव्हा यातलं काहीही सुचलं नाही. मी त्या पोराच्या आईकडे रागाने बघितलं, हे कबूल करतो.

मध्यंतर झालं तेव्हा पावणेनऊ वाजत आले होते. बटाटेवडे संपले, आणि वड्यांबरोबर माणसंही. दुसरा भाग सुरू झाला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दहा वाजायला आले तेव्हा मी मोजलं: एकेचाळीस, त्यात आम्ही समितीचे सात.

खुर्च्या रचताना सर चिडून म्हणाले, "आपल्या लोकांची लायकीच 'धूमधडाका'ची." मला ते झोंबलं. 'धूमधडाका' मलाही तोंडपाठ आहे. त्यात लायकीचा प्रश्न कुठे आला? पण मी काही बोललो नाही. अहवालाच्या वहीत सरांनीच लिहिलं, "प्रेक्षकांची अभिरुची अपुरी पडली." ते वाक्य अजून वहीत आहे.

निदान

सोमवारपासून ताईंनी एक साधी गोष्ट केली. पुस्तक बदलायला येणाऱ्यांपैकी जे शनिवारी दिसले होते, त्यांना काउंटरवरच विचारलं, "का हो, मधेच उठलात?" आठवडाभरात वीस-बावीस जणांशी बोलणं झालं. कच्च्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी रेघा मारून ठेवल्या होत्या.

सगळ्यात जास्त रेघा एसटीसमोर. आजूबाजूच्या वाड्यांना जाणारी शेवटची गाडी नऊ वाजून दहा मिनिटांची. मध्यंतर तिच्या आधी पंचवीस मिनिटं झालं. मग कोण थांबतंय? त्याखाली मुलं: "पोरं कंटाळली, झोपली, खांद्यावर टाकून आणली." त्याखाली "वाटलं विनोदी आहे". आणि "आवडला नाही" असं सरळ म्हणणारे तिघे.

मी ते पान सरांना दाखवलं. ते म्हणाले, "एसटी हे निमित्त असतं. सिनेमा आवडला की माणूस चालत जातो." यावर आमचं आजही एकमत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आठ किलोमीटर अंधारातून पोरं घेऊन चालत जाण्याइतका आवडावा, ही अट आपण कुठल्या गाजलेल्या सिनेमाला घालतो?

त्या शनिवारी शेवटपर्यंत थांबलेल्यांत एक तात्या होते. पंचाहत्तरीचे, तरुणपणी फडात ढोलकी वाजवलेले. जाताना मला म्हणाले होते, "नाच सिनेमातला नव्हं. कुणीतरी फडातल्या बाईनं बसवलाय." घरी येऊन बघितलं, तर या सिनेमाच्या नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना मिळालेला. आमच्या पोस्टरवर त्यांचं नाव नव्हतं, आणि पाहुण्यांच्या पंचवीस मिनिटांतही नव्हतं. अख्ख्या हॉलमध्ये तो सिनेमा कुणाच्या कामाचा आहे हे ओळखणारा एक माणूस होता, आणि तो तिथे होता कारण वाचनालयात तो रोज पेपर वाचायला येतो.

समोरचे पर्याय

पुढच्या बैठकीत चार गोष्टी चर्चेला आल्या.

माळ बंद करायची. खजिनदारांचा याला पाठिंबा, कारण प्रोजेक्टरचं भाडं, वडे आणि पाहुण्यांची शाल-श्रीफळ मिळून शिलकीला चांगलाच खड्डा पडला होता. यावर फार बोलणं झालं नाही.

दुसरा सिनेमा घ्यायचा, कमी लांबीचा. उमेश कुलकर्णींचा 'विहीर' किंवा सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस', दोन्ही २००९ चे, दोन्ही त्या मानाने आटोपशीर. मला हे पटत होतं. पण एक शंका होती: विदर्भातल्या शेतकरी आत्महत्येवरचा सिनेमा आम्ही कुठलं पोस्टर लावून दाखवणार? चूक लांबीची नसून ओळख करून देण्याची असेल, तर ती दुसऱ्या सिनेमातही होणारच होती.

मालिका. ताईंनी पुन्हा कागद काढला. 'रुद्रम' २०१७ ची, झी युवावरची, आधीच आखलेल्या शेवटापर्यंत जाऊन थांबणारी. उगाच ताणत न नेलेली मराठी मालिका म्हणून ती बघण्यासारखी आहे, यात वादच नाही. पण माडीवर ती दाखवायची म्हणजे किती संध्याकाळी? दोन भाग दाखवून "पुढचं घरी बघा" म्हणणं म्हणजे लग्नाला बोलावून अक्षता टाकल्या की परत पाठवणं. मालिका मागे पडतात त्या वेगळ्याच तऱ्हेनं, आणि त्यावर खेळ हा उपाय नव्हे, एवढं ताईंनीही मान्य केलं. नाराज होऊनच.

चौथं पोरानं मांडलं. आतापर्यंत तो गप्प होता. "सर, सिनेमा पडला नाही. आपला खेळ पडला. तोच परत लावू."

मी विरोध केला. परवानगी एका खेळाची होती, पुन्हा पत्र, पुन्हा भाडं. शिवाय पडलेला सिनेमा परत लावला तर गाव हसेल. पोरगा म्हणाला, "हसू देत की. नाहीतरी हसायलाच बोलावलं होतं." सरांना हसू आलं, आणि बहुधा त्यामुळेच ठराव चार विरुद्ध तीन असा पास झाला. विरोधातल्या तिघांत मी होतो.

काय केलं

परवानगी पुन्हा मागितली, मिळाली. वेळ रविवार सकाळी दहाची. पाहुणे नाहीत, सत्कार नाही. मधे चहा, आणि सव्वाला माणूस घरी जेवायला मोकळा.

खरा बदल त्याच्या आधीच्या गुरुवारी झाला. महानोरांच्या गाण्यांची संध्याकाळ ठेवली. गावातले दोन गाणारे, एक पेटी, आणि ढोलकीला तात्या. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग हात बघितले, मग हो म्हटलं. 'जैत रे जैत'पासून सुरुवात, मग 'सर्जा'तलं 'चिंब पावसानं', आणि शेवटी 'भर तारुण्याचा मळा' आणि 'मी गाताना गीत तुला लडिवाळा'. या शेवटच्या गाण्याला पहिल्या दोन रांगांतल्या बायका बरोबरीनं गुणगुणत होत्या. गाणं संपल्यावर ताईंनी माईक घेतला आणि विचारलं, "हे कुठल्या सिनेमातलं?" कुणालाही सांगता आलं नाही. पहिल्या खेळाला तोच सिनेमा अर्धा बघून गेलेल्या एक काकू त्या रांगेत होत्या. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात सिनेमासाठी कुणी काही केलं असेल, तर ते त्या एका प्रश्नानं केलं.

सूचनेचा कागद या वेळी ताईंनी लिहिला. फोटो नाही. "तमाशातल्या एका सोंगाड्याची गोष्ट. विनोदी सिनेमा नाही. गाणी ना. धों. महानोर, लावण्यांचं नृत्य लक्ष्मीबाई कोल्हापूरकर. वेळ सकाळी १० ते दुपारी १.१५. लहान मुलांना कंटाळा येईल." मूळ मसुद्यात "हसायला येऊ नये" असं होतं; सरांनी ते खोडलं. "आपण दुकान चालवतो की दटावतो?" हे त्यांचं बरोबर होतं.

निष्पत्ती

बावन्न जण आले. चहानंतर सत्तेचाळीस उरले आणि ते शेवटपर्यंत बसले. आकड्यानं बघितलं तर पहिल्या खेळाच्या निम्मेही नाहीत, आणि सर ते वारंवार सांगतात.

नंतरची चर्चा पाऊण तास चालली. आजवर आमच्याकडे चर्चा म्हणजे सर बोलणार आणि बाकीचे घड्याळ बघणार. या वेळी तात्यांनी फडातल्या सोंगाड्याचं काम काय असतं ते सांगितलं: सोंगाड्यानं राजाला काहीही म्हणावं, पण ते हसण्यावारी जायला हवं, ज्या दिवशी लोक हसायचे थांबतात त्या दिवशी त्याची सुट्टी. एफवायच्या एका मुलीला शेवट जवळचा वाटला. एवढ्या गर्दीला हसवलेला माणूस आपल्याच लेकीला हसवायला धडपडतो, हे बघताना तिला तिचा काका आठवला म्हणे. लग्नात सगळ्यांना हसवतो आणि घरी कुणाशी बोलत नाही.

आणि टीकाही झाली. राजकारणाचा भाग लांबतो, तिथे माणसं कमी आणि मुद्दे जास्त होतात, असं चौघांनी म्हटलं, त्यात मीही होतो. मागे पडलेला सिनेमा निर्दोष असतो अशी आमची एक छुपी समजूत होती, ती त्या दिवशी गेली ते बरं झालं. बेर्डे यांच्याविषयी मात्र कुणाचं दुमत नव्हतं. २००४ साली ते गेले. त्यांच्या आठवणी निघतात तेव्हा या सिनेमाचं नाव शेवटी येतं, तेही आलं तर.

तोट्याची बाजू: दुसऱ्या खेळाचा खर्च अंगावर पडला आणि ठरलेल्या सहा सिनेमांचे चार झाले. प्रमुख पाहुणे अजून बोलत नाहीत. खजिनदारांनी राजीनामा दिला. कारण प्रकृतीचं लिहिलंय.

वेगळं काय करता आलं असतं

पोस्टर. गर्दी जमवायला जे नाव वापरलं त्याच नावानं गर्दी घालवली. १९९२ साली ती चूक कुणाच्या हातात नसेल. आम्हाला तर ती माहीत होती, आणि आम्ही तिचे हिरवे कागद छापून गावभर लावले.

पहिल्या खेळाला सव्वाआठच्या सुमाराला मी मध्यंतर लवकर घेऊन सांगू शकलो असतो की उरलेला भाग उद्या सकाळी दाखवू. मागच्या पाठी मला दिसत होत्या, घड्याळ समोर होतं. पण परवानगी शनिवारची, पाहुणे पहिल्या रांगेत, सर त्यांच्या शेजारी, आणि मी दाराशी उभा राहिलो.

विचारपूस आधी करता आली असती. एसटीची वेळ कळायला सर्वेक्षण लागत नाही.

पण खरं खरं ओळख करून दिली की झालं, असंही नाही. पुढच्या महिन्यात 'कासव' लावला तेव्हा शहाणपण आल्यासारखी सूचना लिहिली: "नैराश्यातून बाहेर येणाऱ्या एका तरुणाची गोष्ट." एकोणीस जण आले. नंतर एका बाईंनी काउंटरवर ताईंना विचारलं, "त्यात ती समुद्राची कासवं खरी आहेत होय? मग मुलांना घेऊन आले असते की." लिहिलं ते खोटं नव्हतं, पण दाराशीच माणूस दचकेल असं होतं. कासवांचं लिहिलं असतं तर पुन्हा हिरवं पोस्टर झालं असतं का, यावर आमचे दोन तट आहेत.

आता 'अस्तु'ची पाळी आहे. सरांना सूचनेवर मोहन आगाशे यांचा फोटो हवाय. ताईंचा मसुदा फोटोशिवायचा आहे: "हरवलेल्या वडिलांना शोधणाऱ्या मुलीची गोष्ट." पोरगा म्हणतो, हत्ती आहे ते लिहा. बैठक दोनदा झाली, कागद अजून कोरा आहे. वेळ तेवढी ठरलीय, सकाळी दहा, आणि फलकावर सूचनेची जागा रिकामी सोडून तात्यांनी तिच्या शेजारी एसटीचं वेळापत्रक चिकटवून टाकलंय.